मिसळणाचा डबा

घराला रंग दिला की पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात कोणालाही काहीही सापडत नाही. भिंती लखलखत असतात, दारं ओल्या ऑइलपेंटला चिकटत असतात आणि आई घरभर अडकित्ता शोधत हिंडत असते. अडकित्ता खरं म्हणजे होता तिथेच असतो. पण 'होता तिथे' हे ठिकाणच कपाटासकट दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं. चष्म्याचं घर पिठाच्या डब्यामागे निघतं. विजेचं बिल भरायची तारीख उलटल्यावर ते बिल देवघरात पोथीखाली निघतं. रंगारी मात्र जाताना हात पुसत म्हणतो, "बघा, घर कसं नवंकोरं झालं!" त्याचंही खोटं नसतं. घर नवं झालेलंच असतं. जुनी असतात ती आत राहणारी माणसं.

संगणकातली सिस्टिम नवी करणं म्हणजे डिट्टो हेच. फरक एवढाच की रंगाऱ्याला आपण बोलावून आणतो आणि ही सुधारणा आपण होऊन दार ठोठावते.

मी पोटासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. वीस वर्षं पुण्यात लिहिले. २०२० साली टाळेबंदीत चार कपडे आणि एक लॅपटॉप घेऊन बेलापूरला आईकडे आलो, तो इथेच राहिलो. बेलापूर म्हणजे प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. हे आधीच सांगितलेलं बरं. मी कामासाठी मागवलेली खुर्ची पहिल्यांदा नवी मुंबईच्या बेलापूरला जाऊन आली. तिथे चार दिवस राहिली आणि मग आमच्याकडे आली. आमच्या घरात सर्वांत जास्त प्रवास झालेली वस्तू तीच.

आमच्या गल्लीच्या टोकाला नानांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ बासष्ट घरांचं दूध तिथे येतं. दुधाचा भाव नुसत्या लिटरवर ठरत नाही. गाईच्या दुधाचा मूळ भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्याच्या खाली-वर जाल तसे पैसे कमी-जास्त होतात. अशा दहा दिवसांच्या वीस नोंदींची बेरीज करून बिल काढायचं. 'बिल' हा शब्द कागदावरचा. लोक त्याला 'दुधाचा पगार' म्हणतात आणि ते खरंही आहे. ऊस पैसे देतो तो वर्षाकाठी. कांदा दिले तर देतो. किराणा, पोरांच्या शाळेचं रिक्षाभाडं आणि म्हाताऱ्यांची औषधं चालतात ती या दहा दिवसांच्या पगारावर.

पूर्वी नाना हे सगळं रात्र रात्र जागून कॅल्क्युलेटरवर करायचे. ते पाहून माझ्यातला समाजसेवक जागा झाला आणि मी त्यांना एक प्रोग्रॅम लिहून दिला. मोबदला म्हणून घरी रोज एक लिटर दूध येतं. नोंदी पेनड्राइव्हवर माझ्याकडे येतात, बिलं छापून नानांकडे जातात. चार वर्षं तो प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. हा 'बिनतक्रार' शब्द जरा लक्षात ठेवा. त्याचा हिशेब पुढे व्हायचा आहे.

आणि एवढं सगळं यंत्रावर असून नाना अजून रोज लाल कापडी बांधणीच्या वहीत प्रत्येक नोंद हाताने लिहितात. मी एकदा हसून म्हटलं होतं, "नाना, आता वही कशाला?"

"असू द्या भाऊ," नाना म्हणाले, "वहीला लाइट लागत नाही."

तर त्या महिन्याची २० तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी बिलं वाटायची. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' अशी पाटी तो कित्येक महिने दाखवत होता. मी रोज 'नंतर' म्हणायचो. लग्नाळू मुलाच्या बापासारखा तोही हटेना. त्या दुपारी जेवण जड झालं होतं, वीज होती, इंटरनेट बरं चाललं होतं. असा तिहेरी योग आमच्याकडे सहसा येत नाही. मी 'हो' म्हटलं.

दोन तासांनी नवी सिस्टिम उभी राहिली. अक्षरं रेखीव, रंग सौम्य, पडद्यावर नवं चित्र. मी हिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण आधी काय वाईट होतं?" बायकांना सुधारणेतलं काही कळत नाही असं त्या वेळी मला वाटलं. रात्री साडेआठला नानांचा मुलगा पेनड्राइव्ह देऊन गेला, मी प्रोग्रॅम चालवला, आणि बिलांच्या जागी इंग्रजीत चार ओळी उमटल्या. त्यांचा मथितार्थ: मदतीला जी मंडळी लागतात त्यांतलं कोणीही घरी नाही.

माझा प्रोग्रॅम पायथन भाषेत आहे. या नावाचा अजगराशी संबंध नाही. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी ते 'मॉन्टी पायथन' या इंग्रज विनोदवीरांच्या मंडळीवरून ठेवलं. तो विनोद मला त्या रात्री कळला. जुन्या सिस्टिमवर पायथन ३.१० होता, नवीवर ३.१२ आला. चार वर्षांत मी जमवलेली मदतनीस पॅकेजेस ३.१० च्या नावाच्या खोलीत होती. खोली जागेवर होती, सामानही जागेवर होतं, पण ३.१२ त्या खोलीकडे ढुंकून बघेना. शिवाय 'डिस्ट्यूटिल्स' नावाचं एक जुनं गाठोडं २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१२ ने घराबाहेरच काढलेलं. तशी सूचना ३.१० पासूनच मिळत होती. पण खाली बिलं व्यवस्थित छापून येत असताना वरच्या दोन ओळी कोण वाचतो?

बरं, पॅकेजेस पुन्हा मागवावीत तर तेही नाही. यंत्राने स्वच्छ नकार दिला: हे आवार दुसऱ्याच्या कारभारात आहे, इथे परस्पर सामान आणू नये. हा नियम २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून रूढ झाला आणि पुढे त्या गोतावळ्यात बऱ्याच ठिकाणी गेला. नियम वाईट नाही. लिनक्सच्या घरातली कितीतरी कामं सिस्टिम स्वतःच पायथनकडून करून घेते. तिच्या फडताळात मी माझी बरणी घुसवायची आणि तिची एखादी खाली पडायची, असं फार वेळा झालं म्हणून हा नियम आला. ॲपलने तर २०२२ च्या मार्चमध्ये मॅकमधला जुना पायथन २.७ काढूनच टाकला आणि ज्याला हवा त्याने आपला आपण आणावा असा मार्ग ठेवला. त्या २.७ चं आयुष्य १ जानेवारी २०२० ला संपल्याचं जाहीर झालेलं होतं, आणि त्याचा वारसदार २००८ सालीच येऊन बसला होता. भाडेकरूलासुद्धा कोणी इतक्या वर्षांची नोटीस देत नाही.

मी पुण्याला भाच्याला फोन लावला. तो माझ्याच धंद्यात आहे आणि त्याला सगळं येतं.

"मामा, त्यात काय! कमांडच्या पुढे 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' लिहा. ऐकतो."

"अरे, पण त्याचा अर्थच 'सिस्टिमचं सामान मोडा' असा होतो ना?"

"नावाला काय घाबरता, मामा? सगळे लिहितात."

विषाच्या बाटलीवर कवटी छापतात ती शोभेसाठी नसते, असं मला वाटतं. ज्याने ते नाव ठेवलं त्याने निदान फसवलं तरी नाही. मी भाच्याचं ऐकलं नाही. मी स्वतःच्या अकलेने त्याहून मोठा गाढवपणा केला.

तो समजण्यासाठी 'लिंक' म्हणजे काय ते कळायला हवं, आणि ते बेलापूरच्या माणसाइतकं दुसऱ्या कोणाला कळणार नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्यावरच्या एका स्टेशनाला जवळच्या जाणत्या गावाचं म्हणून आमच्या बेलापूरचं नाव मिळालं. पुढे त्या स्टेशनाभोवती जे शहर वाढलं ते श्रीरामपूर. म्हणजे पाटी बेलापूरची आणि उतरायचं श्रीरामपुरात. खरं बेलापूर तिथून काही किलोमीटरवर. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता तोही हरेगावात. तरी लोकांचं अडलं नाही. तिकीट बेलापूरचं काढायचं आणि श्रीरामपूरला जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या मुखपाठ झालेलं आहे. संगणकातली लिंक अशीच असते. 'पायथन' अशी नुसती पाटी, आणि ती नेऊन सोडते ३.१२ कडे. सिस्टिमचे नोकरचाकर ३.१२ वगैरे काही जाणत नाहीत. ते पाटी वाचतात आणि उतरतात.

मी काय केलं, तर कुठूनसा जुना ३.१० आणून उभा केला आणि ती सरकारी पाटी उपटून त्याच्या दारात रोवली. म्हटलं, आता सगळे निमूट तिकडे जातील. माझ्या प्रोग्रॅमची एक तक्रार कमी झाली, दुसरी आली. एकदा बंद करून पुन्हा सुरू करावं म्हणून मी टर्मिनलची खिडकी मिटली. ती पुन्हा उघडेना. ज्या खिडकीतून यंत्राला हुकूम द्यायचे ती उघडणारा नोकरच पायथनमध्ये लिहिलेला. तो बिचारा पाटी वाचून भलत्या गावाला उतरला, तिथे त्याचं ओळखीचं कोणी नाही. किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लागलं होतं. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि सकाळी सहाला बासष्ट घरं दारात उभी राहणार होती.

नाना एक चक्कर मारून गेले. "काय भाऊ, झाली का बिलं? लोकं सकाळी वाट पाहतील."

"होतील नाना, जरा तांत्रिक आहे."

"नाय झाली तर सांगा. मी बसतो वही घेऊन." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आई जागी होती. म्हणाली, "कशाला डोकं धरून बसलास? काय मोडलं?" मी तिला होईल तितकं सोपं करून सांगितलं: घरातली एक वस्तू माझ्या सोयीसाठी हलवली, आता घराला ती सापडत नाही.

आई हसायला लागली. "मी नवी सून होते तेव्हा असंच केलं होतं. तुझ्या आजीच्या मिसळणाच्या डब्यात हळद एका कडेला, तिखट दुसऱ्या कडेला. मला वाटलं, हळद जास्त लागते, ती मधल्या वाटीत हवी. दुपारी सगळा डबा घासूनपुसून नीट लावला. रात्री तुझ्या आजोबांना खोकला आला. आजी अंधारात उठल्या, दूध गरम केलं, डब्यात हात घातला आणि चमचाभर हळद टाकली. म्हणजे त्यांना वाटलं हळद."

"मग?"

"मग काय! खोकला थांबला. बोलणंही थांबलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, 'लावलंस छान, पण माझा हात अंधारात जातो.' दुसऱ्या दिवशी डबा होता तसा लावून ठेवला आणि मी माझा छोटा डबा वेगळा केला. त्यात मी वाटेल ते वाटेल तिथे ठेवायची."

वीस वर्षं पुण्यात बसून, कंपनीच्या खर्चाने शिबिरं करून मला जे कळलं नव्हतं ते मिसळणाच्या डब्यात होतं. सिस्टिमचा हात अंधारात जातो. तिचा डबा हलवायचा नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं की चित्रंबित्रं नसलेला काळा पडदा येतो. खिडक्यांचा थाट मोडला तरी हे मागचं दार सहसा उघडं असतं. तिथून आत शिरलो आणि एका ओळीत पाटी होती तिथे नेऊन रोवली. खिडकी लगेच उघडली, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. मग मी माझा वेगळा डबा मांडला. पायथनमध्ये त्याला 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. एका प्रोग्रॅमपुरतं एक स्वतंत्र फडताळ; त्यात आणाल ती पॅकेजेस तिथेच राहतात, सिस्टिमला त्यांचा वासही लागत नाही. नाही जमलं तर फडताळच्या फडताळ उचलून फेकून द्यावं, घराचा टवकाही उडत नाही. घराबाहेर काढलेलं 'डिस्ट्यूटिल्स'चं गाठोडं 'सेटअपटूल्स' नावाच्या पॅकेजने आपल्या पदरी बाळगलेलं आहे, तेही आणलं. चहा होईपर्यंत सगळं झालं. हे मला भाच्याच्या फोनआधी सुचायला हवं होतं; पण सोपा उपाय आधी सुचला तर माणसाला अनुभव कुठून येणार?

बिलं निघाली. पण पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी नव्या मांडणीवर आधी मागचंच बिल, १ ते १० तारखेचं, पुन्हा काढलं आणि नानांकडे दिलेल्या छापील कागदाशी ताडून पाहिलं. एकसष्ट बिलं तंतोतंत. बासष्टाव्यात एक रुपयाचा फरक: जुनं ६४११, नवं ६४१२.

साहजिकच मी नव्यावर संशय घेतला. रात्री साडेबाराला वीस आकडे कागदावर मांडून, हातचे धरून, चौथीतल्या पोरासारखी बेरीज केली. आली बरोबर ६४१२ रुपये शून्य पैसे. पुन्हा केली. तेवढीच. नवा बरोबर होता. चार वर्षं बिनतक्रार चाललेला माझा प्रोग्रॅम चूक होता.

कारण सांगतो. आपल्याला जसं एक तृतीयांश दशांशात पुरतं लिहिता येत नाही, तीन-तीन-तीन करत राहावं लागतं, तसं संगणकाला त्याच्या दोनाच्या अंकपद्धतीत एक दशांश पुरता लिहिता येत नाही. प्रत्येक आकड्याला एखादा कण कमी-जास्त चिकटतो. ०.१ दहा वेळा मिळवा. जुना पायथन बेरीज सांगायचा ०.९९९९९९९९९९९९९९९९. ३.१२ मध्ये बेरजेची रीत सुधारली. आता ती सांडलेले कण बाजूला जमवते आणि शेवटी हिशेबात धरते. उत्तर येतं सरळ १. आणि मी काय केलं होतं? रुपयाखालचे पैसे सोडून द्यायचे हा केंद्राचा रिवाज, म्हणून बेरजेचा रुपयाखालचा भाग छाटून टाकला होता. बेरीज नेमकी पुऱ्या रुपयांत आली की कणभर उण्यापायी अख्खा रुपया जायचा. पैशांचा हिशेब पूर्ण पैशांतच मोजावा, अपूर्णांकांत मोजू नये, हे किराणा दुकानातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते त्या रात्री प्रोग्रॅममध्ये लिहिलं.

सकाळी नानांना बिलं दिली आणि रुपयाचं सांगितलं. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागचं सगळं काढा भाऊ. एकाचा गेला म्हणजे आणखी कोणाचा गेला असंल."

चार वर्षांच्या फायली होत्या. आठवडाभर लावून काढलं. एकोणतीस घरांचे मिळून सदतीस रुपये निघाले. मी माझ्या खिशातून द्यायला निघालो तर नाना म्हणाले, "लोकांनी दूध माझ्याकडं घातलंय, तुमच्याकडं नाय." पुढच्या बिलात त्यांनी ते ज्याचे त्याला दिले. त्यांच्या वहीकडे पाहून मी आता हसत नाही.

तेव्हापासून माझे काही नियम झाले आहेत. बिलाच्या आदल्या दिवशी रंगकाम काढायचं नाही. हलवाहलवीआधी कोणती वस्तू कोणत्या आवृत्तीची, याची यादी कागदावर करायची. सिस्टिमच्या डब्याला हात लावायचा नाही. तात्पुरती जोडणी केली तर तिथेच तारखेची चिठ्ठी लावायची, कारण आपल्याकडे तात्पुरत्याचं आयुष्य फार. आणि नवं चालू झालं की आधी त्याच्याकडून जुना हिशेब करून घ्यायचा. चूक नव्यात निघेल या आशेने करायचा, पण जुन्यात निघाली तर ती कबूल करायची.

चार वर्षांत एकोणतीस घरांना रुपया कमी गेला, तेव्हा विचारायला एकही जण आला नव्हता. जास्तीचा रुपया आला तेव्हा तिघं आले. नानांनी तिघांनाही माझ्याकडे पाठवलं. त्यांत पलीकडच्या वस्तीवरच्या एक आजी होत्या, एका गाईवर संसार चालवणाऱ्या. पदराच्या गाठीतून बिल काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "यात रुपया जादा लागलाय. कोणाचा हाय?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं समजावलं. दोनाची अंकपद्धत सांगितली, एक तृतीयांश सांगितला, सांडलेले कण सांगितले, ३.१० आणि ३.१२ ही सांगितले. आजींनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. बिलाची घडी घातली, ते पुन्हा गाठीत बांधलं आणि उठता उठता म्हणाल्या,

"म्हंजी मोजायला चुकला व्हता."

माझ्या प्रोग्रॅमचं इतकं नेमकं परीक्षण आजवर कोणी केलेलं नाही.